आमच्या घरधन्यांनी केस वाढवले

आमचे घरधनी न्हावी. बाप न्हावी, आजा न्हावी. ब्लिदा शहरातल्या आमच्या गल्लीतल्या तीन पिढ्यांची डोकी ह्या घराण्याच्या हाताखालून गेलीत, त्यामुळे लहानपणी कोण कुठं धडपडलं आणि कुणाच्या डोक्यावर कुठं खोक आहे, ते त्यांना पाठ. पण स्वतःच्या डोक्यावर कधी बोटभर केस राहू दिला असेल तर शपथ! लहानपणी बाप दर गुरुवारी मशीन फिरवायचा, का, तर न्हाव्याचं पोर म्हणजे दुकानाची पाटी. मग दोन वर्षं लष्कर, तिथलं तर विचारूच नका. मग स्वतःचं दुकान, म्हणजे परत तीच पाटी. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, ह्यांना केसच कमी आहेत. तेहतीस वर्षं संसार केला, आणि माझ्या नवऱ्याचे केस कसे आहेत हे मला साठाव्या वर्षी कळलं. त्यांच्या साठाव्या. माझं वय विचारायचं काम नाही.

हे सगळं सुरू झालं आमच्या लेकीमुळे, आणि खरं बोलायचं तर माझ्यामुळे.

नसीबा आमची एकुलती एक. दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायला असते. तिचे केस जन्मापासून कुरळे. कुरळे म्हणजे नुसत्या लाटा नव्हेत, करंगळी घातली तर अडकून बसेल असे वेटोळे. आणि माझ्या माहेरची ख्याती कर्दूनची. हमामातून न्हाऊन आलं की ओले केस मागे ओढून बांधायचे आणि त्यांच्यावर ही लांबलचक सुती फीत वरून खाली करकचून गुंडाळत न्यायची. वाळल्यावर सोडली की केस सुतासारखे सरळ. माझी आजी बांधायची, आई बांधायची, आणि माझा हात तर असा बसलेला की बघावंसुद्धा लागत नाही. गप्पा चालू, हात चालू. गल्लीतल्या नवऱ्या मुली माझ्याकडे यायच्या. नसीबा चार वर्षांची असल्यापासून मी तिला दर गुरुवारी बांधलं. "यम्मा, डोळे ओढले जातायत," ती कुरकुरायची. मी म्हणायची, "ओढले जाऊ देत, मोठे दिसतात."

परवाच्या पानगळीत अनीसच्या घरचे मागणी घालायला यायचे ठरले. मुलगा चांगला, शाळेत गणित शिकवतो, घर सुखवस्तू. पण त्या आठवड्यात हवेत असा दमटपणा, की कर्दून सोडल्यावर तासाभरात केस परत फुगायला लागायचे. मला धसकाच बसला. पाहुण्यांसमोर पोरीचं डोकं मेंढीसारखं फुललं तर? मी तिला ओढतच एका पार्लरमध्ये नेलं. कसलंसं औषध लावून केस कायमचे सरळ करतात म्हणे. ती नको नको म्हणत होती. "एकदाच," मी म्हटलं, "माझ्यासाठी."

मागणी झकास झाली. अनीसची आई बदीआ, आम्ही मानानं लल्ला बदीआ म्हणतो, नसीबाच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "बाई गं, रेशीम आहे!" मी अशी फुगले की विचारता सोय नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात ते रेशीम फणीतून हातात यायला लागलं. पुंजकेच्या पुंजके. उरले ते मधेच तुटलेले, केरसुणीच्या काड्या काड्या.

पोरीनं डोक्याला रुमाल बांधला. ती कधी डोकं झाकणारी नव्हे, त्यामुळे गल्लीतल्या बायकांचा व्हायचा तो समज झाला. जी ती थांबवून गळ्यात पडतेय, "मबरूक गं! अल्लानं सद्बुद्धी दिली, लग्नाआधी डोकं झाकलंस!" आता ह्यावर ती काय सांगणार? खरं सांगवेना, खोटं बोलवेना. एका संध्याकाळी कामावरून आली ती स्वयंपाकघरात फतकल मारून बसली आणि रडायला लागली. "यम्मा, लोक माझ्या पाया पडायचे तेवढे बाकी राहिलेत. मी खोटारडी झाले गं."

घरधनी दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी दुकानाची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल नसीबा. हूरिया, तूही चल."

दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी लेकीला खुर्चीत बसवलं. आयुष्यात बाईच्या केसाला कातर लावली नव्हती ह्या माणसानं. खूप वेळ नुसतं बोटांनी चाचपत राहिले. मग हळूहळू बरंचसं जळकं उतरवलं, कानाच्या पाळीपर्यंत. मुळाशी नव्यानं आलेले इवलेसे वेटोळे दिसायला लागले. ते बोटांत धरून म्हणाले, "मुळात काही बिघडलेलं नाही. हे आपले आहेत."

"आपले म्हणजे कुणाचे?" नसीबा नाक पुसत म्हणाली.

"माझे. माझेही असेच आहेत. मी कधी वाढू दिले नाहीत, एवढंच."

"मग वाढवा की," ती फणकारली.

मला वाटलं हसण्यावारी नेतील. पण त्यांनी स्वतःच्या डोक्यावर फिरवायचं मशीन उचललं, वायर गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. "लग्नाला दहा महिने आहेत. तोवर तुझ्या केसांना इस्त्री नाही, माझ्या डोक्याला मशीन नाही. जो आधी मोडेल तो हरला. आणि लग्नाच्या दिवशी तू तुझ्या स्वतःच्या केसांनी नवरी होशील."

"दहा महिन्यांत येतील बाबा?"

"केस आपलं काम करतात गं. आपण फक्त आडवं जायचं नाही."

"आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मी छानपैकी कर्दून बांधून..." मी सुरुवात केली. दोघांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, की मी पटकन गळ्याला हात लावला. "नाही बांधणार! शप्पथ. झालं?"

तर असा तो करार झाला. पुढचे दहा महिने माझ्या घरात काय काय शिजलं ते माझं मला माहीत. घरधन्यांनी फोनवर केसांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. विशी-बाविशीच्या पोरी बडबडतायत आणि हा साठीचा बाप्या चष्मा लावून वहीत उतरवून घेतोय. कोरड्या केसांना फणी लावायची नाही. टॉवेलनं घासायचं नाही, जुन्या सुती बनियनमध्ये टिपायचे. उशीला गुळगुळीत अभ्रा. विंचरायचं ते ओल्या केसांत, तेसुद्धा बोटांनी, खालून वर. आणि प्रत्येक गोष्ट आधी स्वतःच्या डोक्यावर करून बघायची, मगच लेकीच्या. "गिऱ्हाइकावर प्रयोग करू नये," म्हणायचे.

एका शुक्रवारी मी कुसकुसचं भांडं घ्यायला गेले, झाकण उघडलं तर आत शेंबूड! अल्लाची शपथ, दुसरा शब्द नाही. मी अशी किंचाळले की शेजारीण गच्चीवरून वाकून बघायला लागली. "ओरडू नकोस हूरिया," घरधनी धावत आले, "जवस उकळलंय. गाळायचंय अजून. केसांना लावलं की वेटोळे जागच्या जागी राहतात." आणि गाळलं कशातून म्हणाल? माझ्या नव्याकोऱ्या मोज्यातून! त्या दिवशी आम्ही कुसकुस खाल्लं नाही, पाव खाल्ला.

मग केळं झालं. कुस्करलेलं केळं केसांना चोपडलं, पण ते काही धड कुस्करलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं आणि वाकलेल्या न्हाव्याच्या डोक्यातून केळ्याचा तुकडा त्याच्या मांडीवर! दुकानात नुसता हशा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तर केस ना धड आखूड ना लांब, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. गिऱ्हाइकं मानाचं "सी" लावून म्हणायची, "सी मुख्तार, ऊठ, तूच बस खुर्चीत. आज आम्ही तुझी हजामत करतो." हे शांतपणे म्हणायचे, "कापायला अक्कल लागत नाही, ते तुम्हालाही जमेल. वाढवून दाखवा."

माझी थोरली नणंद, लल्ला झुबीदा, तिला तर आयतं कोलीत मिळालं. आली की पहिलं वाक्य ठरलेलं. "साठी बुद्धी नाठी! मुख्तार, अरे व्याही काय म्हणतील? मुलीचा बाप आहेस की तमाशातला ढोलवाला?" आणि मग माझ्याकडे वळून, "तू बायको ना त्याची? मग तुझं काही चालतं की नाही?" मी वरवर "ऐकत नाहीत हो" म्हणायची, पण मनातून मीही तिच्याच बाजूची होते. मला वाटायचं, होऊ देत दहा महिने, शेवटी पोरगी येईलच माझ्याकडे फीत घेऊन. हे मी आज कबूल करते.

पोरीचं सोपं नव्हतं. मुळाशी कुरळे, टोकाशी उरलेसुरले जळके, अशी दोन तऱ्हांची डोकी एकाच डोक्यावर. घरधनी दर महिन्याला जळकी टोकं तेवढी नखाएवढी उतरवायचे. पाचव्या महिन्यात तिच्या मैत्रिणीचं लग्न आलं. नसीबा आरशासमोर बसली, केसांची इस्त्री लावली, गरम झाली तरी हातात धरून नुसती बसून राहिली. घरधनी दारात आले. मला वाटलं, आता बोलणार. पण ते म्हणाले, "मी हरलो म्हणून जाहीर करू का? आज दुकानात जाऊन डोकं भादरतो, मग तुला मोडायला हरकत नाही." तिला हसूच फुटलं. म्हणाली, "एवढी केळी फुकट घालवायची का बाबा?" आणि इस्त्रीची पिन काढली.

माझ्या जिवाला वेगळाच घोर. लल्ला बदीआनं रेशमावर हात फिरवला होता. उद्या ती म्हणाली, आम्हाला फसवलंत, तर? मी घरधन्यांच्या कानीकपाळी ओरडत होते, आधी सांगून ठेवा काहीतरी. एक दिवस ते उठले, इस्त्रीचा कोट घातला, मिठाईचा डबा घेतला आणि मला घेऊन थेट अनीसच्या घरी. बैठकीत बसले ते त्या जटाभारासकट. लल्ला बदीआ आली आणि जागच्या जागी थबकली.

"सी मुख्तार... हे... तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम. मी एवढंच दाखवायला आलो, लल्ला. मुलगी माझ्यावर गेलीय. मागणीच्या दिवशी तुम्ही पाहिलंत ते औषध होतं. खरं हे आहे." आणि मान खाली घालून डोकं पुढे केलं, बाजारात टरबूज दाखवावं तसं.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लल्ला बदीआ जी हसायला लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, आमच्या अनीसला टक्कल पडत चाललंय, ते आम्ही मागणीला टोपीखाली झाकून आणलं होतं! घ्या, फिट्टंफाट झाली. निदान नातवंडांच्या डोक्यावर काहीतरी असेल." येताना घरधनी सबंध रस्ताभर शीळ घालत होते. माझी दोन रात्रींची झोप उडवणारी गोष्ट ह्या माणसानं डोकं पुढे करून मिटवली होती.

दहा महिने भरत आले. नसीबाचे केस ओढले तर खांद्यापर्यंत, सोडले तर हनुवटीशी. जळकं टोक एकही नाही. काळेभोर, चमकदार, एकेक वेटोळं सुटं. कोर्ट-कचेरीतल्या साहेबासारखी ती मान ताठ करून चालायला लागली होती. रुमाल केव्हाच सुटला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी नवरीचं हमाम. मेणबत्त्या, गाणी, किलकाऱ्या, सगळं रीतसर. आंघोळ झाल्यावर बाहेरच्या दालनात चटयांवर आम्ही बायका आडव्यातिडव्या पसरलो, संत्री सोलली. नसीबा आठवडाभराची दमलेली. माझ्या मांडीवर ओलं डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. लल्ला झुबीदा आपल्या जावेच्या लग्नातलं भांडण रंगवून सांगत होती. कुणी कुणाच्या ताटातलं मांस पळवलं वगैरे. आम्ही पोट धरून हसतोय. माझ्या गाठोड्यात माझी स्वतःची कर्दून होतीच, हमामला जाताना ती नसेल असं कधी झालंय? मांडीवर ओले केस, हातात फीत. गप्पा चालू, हात चालू.

आजूबाजूला दहा बायका होत्या. एकीलाही वावगं वाटलं नाही. जिनं तिनं जन्मभर हेच पाहिलेलं. आणि चार वर्षांची असल्यापासून डोकं करकचून ओढून घ्यायची सवय असलेली माझी पोर, तिलाही अर्धवट झोपेत ते परकं वाटलं नाही. उठवल्यावर तिनं झोपेतच वरून रुमाल गुंडाळला, घरी आली आणि पडली ती तिसऱ्या प्रहरापर्यंत झोपली.

अंगणात मेंदीची ताटं मांडून झाली. मी तिला उठवायला आत गेले तर नसीबा आरशासमोर उभी, एका हातात माझी फीत, आणि केस खांद्यापर्यंत सरळ, सुतासारखे. माझ्या तोंडून "हाय अल्ला" एवढंच निघालं.

ती वळली. रडत नव्हती. "यम्मा, दहा महिने. शेवटचा एक दिवस तुला राहवलं नाही?"

"अगं, मी मुद्दाम नाही... माझे हात... मी झुबीदाचं ऐकत होते गं, मला कळलंसुद्धा नाही..."

"तू शपथ घेतली होतीस."

तीस वर्षांच्या सवयीनं बोटं चालली हे कुणाला पटणार? पार्लरलाही मीच नेलं होतं, आणि "एकदाच" मीच म्हणाले होते. मी तिच्या जागी असते तर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. मी तिथंच पलंगावर बसले आणि माझं मला रडू आवरेना.

आवाजानं घरधनी आले. लेकीच्या केसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावतील म्हणून मी अंग चोरलं. त्यांनी फक्त बाह्या सरसावल्या. "औषध नाही, फीतच आहे ना? मग पाणी आणा." अंगणात उन्हात स्टूल मांडलं, तांब्यानं डोक्यावर पाणी ओतलं. पहिल्या तांब्याला केस तसेच लोंबत राहिले. माझा जीव टांगणीला. दुसऱ्या तांब्याला कानाशी एक वेटोळं वर सरकलं, मग दुसरं, मग एकदम सगळेच, कुणी हाक मारल्यासारखे. घरधनी हसत हसत ओले केस मुठीत दाबत होते आणि म्हणत होते, "बघ! माझ्यावर गेलेत, कुणाचं ऐकत नाहीत."

नसीबाही हसली. पण माझ्याशी बोलली नाही. मेंदीला बायका गात होत्या, मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेकीनंच केस केले. मी दाराबाहेर उभी. हात पदरात गुंडाळून ठेवले होते, न जाणो, परत आपल्याच मर्जीनं काही करून बसतील.

दुपारी वऱ्हाड आलं. सनईसारखा झुर्ना, ढोल, गाड्यांचे भोंगे. नवरीला घराबाहेर काढायची वेळ झाली. आमच्यात बाप आपला पांढरा लोकरी बर्नूस, म्हणजे टोपी जोडलेला झगा, लेकीच्या अंगावर घालतो, त्याची टोपी डोक्यावरून ओढतो, आणि मग हात वर धरून तिला त्या हाताखालून बाहेर पाठवतो. घरधन्यांनी तिला बर्नूस घातला. टोपी ओढली ती पार डोळ्यांपर्यंत. आणि तसेच टोपीवर हात ठेवून उभे राहिले. दहा महिने रोज ज्या केसांना पाणी घातलं, ते आज स्वतःच्या हातानं झाकायचे! त्यांच्याच्यानं ना पुढे होववेना, ना मागे.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी गर्दीतून पुढे घुसले आणि टोपी मागे सारली. पार मानेपर्यंत.

"हूरिया!" लल्ला झुबीदा ओरडली. "अगं रीत आहे! डोकं झाकून जाते नवरी!"

"जात असेल," मी म्हटलं. "माझी तशीच जाईल. ज्याला बघायचं त्यानं बघावं."

घरधनी माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. नसीबा मात्र माझ्याकडे बघत नव्हती. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, चुकलंच माझं, परत मी तिच्या डोक्यात हात घातला. मी एक पाऊल मागे झाले.

"कुठं चाललीस?" ती मान न उचलताच म्हणाली. "टोपीनं सगळे चपटे झाले असतील. नीट कर ना, यम्मा."

माझे हात परत पदरात गेले. "मी? फणी..."

"फणी नाही. बोटांनी. खालून वर," बाप-लेक दोघंही एकदम बोलले.

मी माझ्या लेकीच्या केसांत बोटं घातली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना ओढलं नाही. ती निवांत उभी राहिली होती, बाहेर वऱ्हाड खोळंबलं होतं, आणि तिला कसलीच घाई नव्हती.